हिरवी खूण

एकताने वल्लरीच्या नडगीवर अंगठा दाबला. वल्लरीने तोंडातून आवाज काढला नाही, पण टेबलाची कड धरलेली तिची बोटं पांढरी पडली.

"इथेच?"

"थोडंसं."

"रात्री झोपेत दुखतं?"

वल्लरी छताकडे बघत राहिली. "समटाइम्स."

एकता मेश्राम सेंट ब्रेंडन विद्यापीठात फिजिओथेरपिस्ट होती. हे विद्यापीठ कॅथलिक ब्रदर्सनी, म्हणजे पाद्री नसलेल्या धर्मबंधूंनी, चालवलेलं, सिंगापूरच्या मानाने अगदीच लहान. बाराशे विद्यार्थी, एक चॅपेल, एक टेकडी आणि त्या टेकडीला वळसा घालणारी धावण्याची वाट. खेळाचे संघ चारच होते. त्यातल्या मुलींच्या क्रॉस-कंट्री संघाचं नाव तेवढं बाहेर कुणाला माहीत होतं, तेही ब्रदर ऑगस्टीन यांच्यामुळे. सडपातळ, सदुसष्ट वर्षांचे, मलाक्काचे. सव्वीस वर्षं ते पहाटे सहाला मुलींबरोबर टेकडी चढत होते.

दर गुरुवारी एकता प्रत्येक मुलीला तपासून तिच्या नावापुढे खूण करायची. हिरवी म्हणजे धावायला हरकत नाही, पिवळी म्हणजे स्कॅन होईपर्यंत धावणं बंद. ब्रदर त्या कागदावरून कधी वाद घालत नसत. एकताने पिवळी खूण केली की ती मुलगी त्या आठवड्यात सायकल चालवायची, विषय संपला.

रविवारी आंतरविद्यापीठ शर्यत होती. संघाचा निकाल लागायला पाच जणी शर्यत पूर्ण करायला हव्यात. सातपैकी एकीला डेंग्यू झाला होता आणि एकीची आजी वारल्यामुळे ती मलेशियात इपोहला गेली होती. राहिल्या पाच, आणि त्या पाचांत कर्णधार वल्लरी.

"एकताताई, प्लीज," वल्लरी म्हणाली. ती चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. घरात मराठी ऐकायची आणि वाक्याला सिंगापुरी 'लाह' जोडून इंग्रजीत उत्तर द्यायची. पण एकताकडून काही हवं असलं की मराठीत यायची. "फक्त संडे. मग मी एक महिना रेस्ट घेते. प्रॉमिस. मी नाही धावले तर टीमच नाही ना. आणि बोर्ड काय म्हणेल तुला माहितीये."

एकताला चांगलंच माहीत होतं. मे महिन्यात विद्यापीठाचं मंडळ ठरवणार होतं, की एवढ्याशा संस्थेला खेळाचा विभाग परवडतो का. विभाग गेला तर एकताची नोकरी जाणार होती आणि नोकरीबरोबर तिचा इथे राहायचा परवाना, एम्प्लॉयमेंट पासही. शर्यतीत पहिल्या तीन संघांत आलो तर विभाग बंद करणं मंडळाला जड जाईल, असं सगळेच म्हणत होते.

एका पायावर उडी मारायला लावली असती तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. हाडाला चीर असली की ती उडी मारता येत नाही. एकता ती तपासणी प्रत्येकीची करायची. त्या गुरुवारी तिने वल्लरीला उडी मारायला सांगितलं नाही. विसरली नव्हती. काय दिसेल याचा तिला अंदाज होता, आणि एकदा दिसलं की मग ते न दिसल्यासारखं करता आलं नसतं.

"बर्फ लाव," ती म्हणाली. "आणि शनिवारी अजिबात धावायचं नाही."

"थँक्स ताई. यू आर द बेस्ट लाह."

वल्लरी गेल्यावर एकताने कागदावर लिहिलं, पोटऱ्या किंचित आखडलेल्या. आणि पुढे हिरवी खूण केली.

रविवारी बेडोकच्या तलावाकाठी सहा किलोमीटरची शर्यत झाली. एकता साडेचार किलोमीटरच्या वळणावर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. वल्लरी चौथी येत होती. चेहरा राखाडी झाला होता, पण पावलं सरळ पडत होती. एकताच्या मनात आलं, निभावलं. वळणाच्या पुढे थोडा उतार होता. तिथे वल्लरीचा उजवा पाय जमिनीवर टेकला आणि कोरडी फांदी मोडावी तसा आवाज आला. वीस पावलांवरून ऐकू आला.

एकता पोहोचली तेव्हा वल्लरी कुशीवर पडली होती आणि नडगी नको तिथे वाकलेली होती. ब्रदर ऑगस्टीन गवतातून धावत आले. त्यांनी आपला टी-शर्ट काढून तिच्या डोक्याखाली ठेवला आणि नुसत्या बनियनवर, सगळ्यांच्या देखत, तिचा हात धरून बसून राहिले. वल्लरी रडत नव्हती. ती सारखी म्हणत होती, "सॉरी ब्रदर, सॉरी."

तिने एकताकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

हाडात सळई घालावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, चीर काही आठवड्यांची जुनी असणार, नऊ महिने तरी धावणं नाही.

विद्यापीठाने चौकशी नेमली. मंडळाचं कार्यालय तांजोंग पगारमध्ये, खाली दुकान असलेल्या एका जुन्या शॉपहाऊसच्या वरच्या मजल्यावर होतं. तीन माणसं टेबलापलीकडे बसली होती. अध्यक्षबाईंनी एकताची आठ महिन्यांची कागदपत्रं पुढे ठेवली होती.

"तुमच्या नोंदी फार व्यवस्थित आहेत," त्या म्हणाल्या. "शर्यतीआधी तीन दिवस काही गंभीर दिसलं नव्हतं, बरोबर?"

"तपासणीत..." एकताने समोरच्या कागदाकडे पाहिलं. "मी जे लिहिलंय तेच."

"वल्लरीही म्हणते की तिने दुखण्याबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे प्रश्न राहतो तो सरावाचा. ब्रदर, शेवटच्या तीन आठवड्यांत तुम्ही टेकडीच्या फेऱ्या वाढवल्या होत्या?"

"हो," ब्रदर म्हणाले. "सहाच्या आठ केल्या."

"का?"

"मुली तयार आहेत असं मला वाटलं." त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. "प्रशिक्षक मी आहे. मुलगी माझ्या संघात धावताना मोडली. जबाबदारी माझी."

एकता त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. बोलायला अजून वेळ होता. अध्यक्षबाई लिहीत होत्या. त्यांचं लिहून झालं, कागद उलटला गेला. बाहेर पडताना ब्रदरनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. तुझ्या हातात जेवढं होतं तेवढं तू केलंस."

आठवड्याभरात ब्रदरना प्रशिक्षकपदावरून दूर केल्याचं पत्र निघालं.

त्यानंतर एकताचं खाणंपिणं, कामावर जाणं सगळं चालू होतं, फक्त कशातच तिचं लक्ष लागेना. टेकडीच्या वाटेने जायचं तिने सोडलं. चॅपेलसमोर ब्रदर झाडांना पाणी घालताना दिसायचे, म्हणून ती मागच्या फाटकाने येऊ लागली. संघातल्या मुली तिच्याशी जास्तच मायेने वागत होत्या, कारण तिलाही धक्का बसलाय असं त्यांना वाटत होतं. ती मनात पुन्हापुन्हा तेच जुळवायची. वल्लरीनेच विनंती केली होती. ती वीस वर्षांची आहे, लहान नाही. मी नाही म्हटलं असतं तरी ती कुठेतरी धावलीच असती. हे सगळं खरं वाटायचं, आणि मग तिला ती न घेतलेली उडी आठवायची.

नागपूरहून दर रविवारी वडिलांचा फोन यायचा. दादाराव आयटीआयमध्ये फिटरचा वर्ग शिकवून निवृत्त झाले होते. विहारातून वंदना करून आले की लेकीला फोन करायचे.

"काहून, आवाज असा काहून येते तुहा?"

"काही नाही बाबा. काम आहे जास्त."

"त्या पोरीचा पाय कसा आहे?"

"बरा होतोय."

"चांगलं आहे. तू आहे तिच्याजवळ, म्हणून तिच्या आईबापाला धीर असंन."

एकताने फोन दुसऱ्या कानाला लावला. लहानपणापासून ती बाबांच्या शेजारी बसून पंचशील म्हणत आली होती. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ती आता मनाशी वाद घालत होती, की मी खोटं कुठे बोलले, मी लिहिलं ते होतंच, पोटऱ्या आखडलेल्या होत्याच. बाबांनी असला युक्तिवाद एका वाक्यात निकालात काढला असता. म्हणूनच तिने त्यांना काही सांगितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी वल्लरीच्या आईचा, नीताकाकूंचा मेसेज आला. शनिवारी जेवायला ये, तुझ्याशी जरा कामही आहे.

चोआ चू कांगला अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. एकता सिंगापूरला नवीन आली तेव्हा पहिली दिवाळी तिने याच घरी केली होती. नीताकाकूंनी तेव्हा परत जाताना करंज्यांचा डबा तिच्या पिशवीत घातला होता आणि डबा परत आणायच्या निमित्ताने पुन्हा ये म्हणाल्या होत्या. वल्लरीचे वडील प्रतापकाका रॅफल्स प्लेसला एका बँकेच्या आयटी विभागात होते. कमी बोलणारे, नेटके.

वल्लरी सोफ्यावर पाय स्टुलावर ठेवून बसली होती. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत मांस उतरलं होतं. "हाय ताई," ती म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये बघू लागली.

जेवणात भरली वांगी होती. नीताकाकू एकताला आग्रह करकरून वाढत होत्या. "खा गं, वाळलीयेस किती. तूसुद्धा मनाला लावून घेतलंयस. तू होतीस म्हणून त्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये हिला कुणी आपलं माणूस होतं, नाहीतर माझं काय झालं असतं."

जेवण झाल्यावर प्रतापकाकांनी लॅपटॉप आणला.

"एकता, आम्ही एक अर्ज तयार केलाय," ते म्हणाले. "ब्रदरना नुसतं दूर केलंय. उद्या दुसऱ्या शाळेत जातील आणि तिथल्या मुलांचे पाय मोडतील. त्यांच्या धर्मसंस्थेच्या वरिष्ठांना आणि प्रशिक्षकांची नोंदणी करणाऱ्यांना आम्ही लिहितोय. या माणसाला पुन्हा कुठेही मुलांना शिकवू देऊ नये. खाली फिजिओ म्हणून तुझी सही असली तर वजन येईल."

एकताने वाचायला सुरुवात केली. अर्ज काकांसारखाच नेटका होता. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, फिजिओथेरपिस्टच्या नोंदीनुसार विद्यार्थिनी शर्यतीच्या तीन दिवस आधी पूर्णपणे तंदुरुस्त होती.

"काका, हे..." ती थांबली.

"काही तांत्रिक चुकलंय का? दुरुस्त कर ना."

सोफ्यावरून वल्लरी म्हणाली, "बाबा, लीव्ह इट लाह. ब्रदरचा काय फॉल्ट?"

"तू गप्प बस. तुला त्यांचा पुळका आहे."

एकताने लॅपटॉप हळूच मिटला. तिला वाटलं होतं सांगताना रडू येईल, पण आवाज अगदी सपाट निघाला. "ती तंदुरुस्त नव्हती. मला गुरुवारी कळलं होतं. हाडावर एकाच जागी दुखत होतं, रात्री दुखत होतं. त्याचा अर्थ मला कळतो. स्कॅनला पाठवायला हवं होतं आणि धावणं बंद करायला हवं होतं. मी कागदावर धावायला हरकत नाही असं लिहिलं. ब्रदरना यातलं काहीही माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी तिला धावू दिलं नसतं."

स्वयंपाकघरात कुकरचं झाकण पुसत असलेल्या नीताकाकू तशाच दारात आल्या.

"पण का?" त्यांनी विचारलं.

"ती नसती तर संघ नव्हता. संघ नसता तर विभाग बंद पडला असता आणि माझी नोकरी गेली असती." वल्लरीनेच विनंती केली होती, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं. वल्लरी तिच्याकडे एकटक बघत होती. एकताने ते वाक्य गिळलं.

"मी सांगितलेलं तिला," वल्लरीच बोलली. "मीच म्हणाले, फक्त संडे धावू दे."

प्रतापकाका उभे राहिले. "तिने सांगितलं असेल. ती मूल आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो, एकता. आपली मराठी मुलगी आहे तिथे, असं तुझ्या काकूला मी कितीदा म्हणालो असेन."

नीताकाकूंनी टेबलावरची एकताची वाटी उचलली, आत नेली, आणि परत बाहेर आल्या नाहीत. एकताने स्वतःच दार उघडलं आणि ती बाहेर पडली.

सोमवारी सकाळी ती पुढच्या फाटकाने गेली. ब्रदर चॅपेलसमोर कुंड्या सरकवत होते. तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं, चौकशीच्या खोलीत गप्प बसल्यासकट. सांगून झाल्यावर तिला अपेक्षा होती की ते काहीतरी शांत, धार्मिक बोलतील.

ब्रदर कुंड्यांजवळच्या कठड्यावर बसले. "एकता, पापाची कबुली ऐकणं फादरचं काम आहे. मी नुसता ब्रदर आहे. मला क्षमा वगैरे देता येत नाही," ते म्हणाले. "आणि आत्ता द्यावीशीही वाटत नाही. सहा आठवडे मी रोज पहाटे उठून त्या दोन जादा फेऱ्या मोजतोय. मी म्हातारा झालो, मला मुली दिसत नाहीत, असं स्वतःला सांगतोय. तू माझ्या शेजारी बसली होतीस."

"मी आजच अध्यक्षांना लेखी देते."

"दे," ते म्हणाले. "त्या मुलीसाठी दे. माझ्यासाठी म्हणून देऊ नकोस." आणि त्यांनी कुंड्या पुन्हा ओळीत लावायला घेतल्या. एकताला मदत करावीशी वाटली, पण तिने कुंडीला हात लावला नाही.

तिने दोन पानं लिहिली. न घेतलेल्या उडीबद्दलही लिहिलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच कधी कळलं नसतं. अध्यक्षबाईंनी पत्र तिच्यासमोरच वाचलं आणि म्हणाल्या, "हे त्या दिवशी सांगितलं असतंत तर." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मे महिन्यात सगळं भराभर झालं. चौकशी पुन्हा उघडली, ब्रदरवरचा ठपका काढला गेला, तसं पत्र सगळ्या विद्यार्थ्यांना गेलं. त्यांना परत बोलावलं तेव्हा ते नको म्हणाले. त्यांच्या धर्मसंस्थेची मलेशियात कुचिंगला एक शाळा होती, तिथे ते गेले. मंडळाने खेळाचा विभाग बंद केला नाही. एक वर्ष मुदत दिली. एकताला मात्र नोकरीवरून काढलं आणि फिजिओंच्या नोंदणी मंडळाने तिचा परवाना सहा महिन्यांसाठी स्थगित केला. पास रद्द झाल्यावर तीस दिवसांत देश सोडायचा होता.

त्या रविवारी तिने वडिलांना सांगितलं. दादारावांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"लेखी दिलं ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

"दिलं."

"उशीर केला बेटा."

"हो बाबा."

"ये घरी."

निघायच्या चार दिवस आधी वल्लरीचा मेसेज आला. विद्यापीठाच्या खालच्या हॉकर सेंटरमध्ये भेटशील का. ती एका कुबडीवर आली. दोघींनी एका खाण्याच्या गाळ्यावरून लिंबाचं सरबत घेतलं आणि थोडा वेळ पायाबद्दल बोलल्या. नवीन फिजिओ कडक आहे, वल्लरी म्हणाली, रोज मोजून व्यायाम करून घेतो.

"आई अजून चिडलीये," ती म्हणाली. "बाबा कमी. बाबा माझ्यावर पण चिडलेत."

"त्यांचं चूक नाही."

वल्लरीने ग्लासातला बर्फ ढवळला. मग तिने मराठीत, शब्द शोधत, सावकाश बोलायला सुरुवात केली.

"तू त्या दिवशी घरी माझं नाव नाही घेतलंस. मला वाटलं, ताई किती ग्रेट आहे. मग दोन-तीन दिवसांनी मला राग आला. खूप. मी विचारणारच ना, ताई. प्रत्येक रनर विचारते. माझं डोकं त्या वेळी फक्त रेसमध्ये होतं. म्हणूनच तर तुला ठेवलेलं. तू मला थांबवायला हवं होतंस."

"हो," एकता म्हणाली.

"मी ओरडले असते, रडले असते. तुझ्याशी महिनाभर बोलले नसते. तरी."

"हो. थांबवायला हवं होतं."

एकताला माफी मागायची होती. वाक्यं तिने रात्रभर तयार केली होती. पण समोर बसलेल्या मुलीला आता त्यांचं काय करायचं, हे तिला कळेना, आणि माफी मागितली की वल्लरीलाच काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून तिने माफी मागितली नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा पेपर घडी करून उठले. वल्लरीने घड्याळ पाहिलं.

"फिजिओ आहे तीनला. मला जिन्यापर्यंत सोडशील? उतरताना अजून भीती वाटते."

एकताने तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. जिन्याशी ती एक पायरी खाली उतरून उलटी वळली आणि दोन्ही हात पुढे धरून उभी राहिली, धरण्यासाठी नाही, गरज लागली तर म्हणून. वल्लरीने कुबडी आधी टेकवली, मग दुखरा पाय, मग बरा. अकरा पायऱ्या होत्या. दोघी एकेक करत त्या उतरल्या.